८१ टक्क्यांचं गणित

भारतातल्या प्रौढांपैकी ८१.२ टक्के लोकांच्या रक्तातल्या चरबीचं प्रमाण कुठे ना कुठे बिघडलेलं आहे. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचा हा निष्कर्ष जून २०२३मध्ये 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. बातम्यांत तेव्हा गाजला तो १० कोटी १० लाख मधुमेहींचा आकडा. ८१.२चा हा आकडा त्याच्यामागे झाकला गेला. पाहणी लहानसहान नव्हती. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १,१३,०४३ जणांना गाठलं होतं, त्यातले ७९,५०६ ग्रामीण भागातले. कोलेस्टेरॉलसाठी दर पाचव्या माणसाचं रक्त तपासलं. त्याच पाहणीत मधुमेह निघाला ११.४ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. रक्तातल्या चरबीचा बिघाड या सगळ्यांना मागे टाकून दुपटीच्याही वर गेला.

पाचातले चार जण आजारी म्हटलं की माणूस एक तर घाबरतो, नाही तर 'मग काय, सगळ्यांनाच आहे' म्हणून सोडून देतो. त्याआधी हा आकडा फोडून पाहावा.

टोटल कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेले निघाले २४ टक्के. 'वाईट' म्हणून बदनाम असलेलं एलडीएल १३० किंवा जास्त असलेले २०.९ टक्के. ट्रायग्लिसराइड १५०च्या पुढे गेलेले ३२.१ टक्के. आणि 'चांगलं' एचडीएल कमी असलेले तब्बल ६६.९ टक्के. (हे सगळे आकडे एक डेसिलिटर रक्तातले.) म्हणजे ८१चा डोंगर मुख्यतः कमी एचडीएलने उभा केला आहे. ज्या दोन आकड्यांची घरोघरी चर्चा होते, ते टोटल आणि एलडीएल, चारातल्या तीन भारतीयांत पाहणीच्या मोजपट्टीनुसार ठीकच होते.

हे नवं नाही. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड अशा चार ठिकाणच्या २,०४२ लोकांचे लिपिड तपासले होते. २०१४ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. तेव्हाही ७९ टक्क्यांत काही ना काही बिघाड सापडला. एलडीएल वाढलेले ११.८ टक्के, एचडीएल घसरलेले ७२.३ टक्के. भारतीय माणसाच्या रिपोर्टचा साचा असाच आहे: टोटल बरं, एलडीएल मध्यम, ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल पडलेलं.

मग एचडीएल वाढवायची गोळी द्यावी आणि मोकळं व्हावं, असं कोणालाही वाटेल. औषध कंपन्यांनाही वाटलं होतं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल खरोखरच ७२ टक्क्यांनी वाढवलं. १५,०६७ रुग्णांवरचा तो अभ्यास डिसेंबर २००६मध्ये घाईघाईने थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते: अंतिम मोजणीत ९३, न घेणाऱ्या गटात ५९. पुढे नायासिन हे जुनं जीवनसत्त्व-औषध २५,६७३ जणांच्या अभ्यासात देऊन पाहिलं. एचडीएल वाढलं, पण हृदयविकार कमी झाला नाही. उलट शुगर बिघडणं, जंतुसंसर्ग, रक्तस्राव असे त्रास वाढले. एचडीएलचा आकडा ओढून वर आणल्याने धमनीचं भलं होत नाही, एवढं या दोन अभ्यासांनी पक्कं केलं. कमी एचडीएल ही खूण आहे. रोग दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे, याचं सर्वांत बोलकं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजन-उंचीच्या कोष्टकात दोघेही सडपातळ. क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ग्रामीण नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा हीच गोष्ट जन्मापासून दिसली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. हडकुळा दिसणारा माणूस आतून चरबीदार असू शकतो, हे आपल्याकडे पाळण्यापासूनचं वास्तव आहे.

ही चरबी पोटात आणि यकृतात साठते. यकृत तिथून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडत राहतं. हे कण रक्तात एचडीएलशी देवाणघेवाण करतात: आपली चरबी त्याला देतात, त्याचं कोलेस्टेरॉल स्वतः घेतात. असं चरबी भरलेलं एचडीएल लवकर मोडतं आणि रक्तातून जातं. एलडीएलच्या बाबतीतही तसंच घडून त्याचे कण बारीक आणि दाट होतात. त्यामुळे एकूण वजनात एलडीएल फार दिसत नाही, पण धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांची संख्या जास्त असते. रिपोर्टमध्ये छापलं जातं ते वजन. कणांची संख्या मोजायला अपो-बी नावाची वेगळी तपासणी लागते.

यकृताला हा कच्चा माल पुरवतो कोण? त्याच इंडियाब पाहणीतल्या आहाराच्या नोंदी २०२५मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आल्या. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. तेही मुख्यतः पांढरा भात, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. प्रथिनांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल म्हटलं की पहिली गदा अंड्याच्या बलकावर येते. अमेरिकेच्या २०१५-२०च्या आहारविषयक शिफारशींनी रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा काढूनच टाकली. ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा शरीर स्वतः बनवतं ते कितीतरी जास्त असतं. इकडे बलक बाजूला काढणारा माणूस एकादशीला दोन बशा साबुदाण्याची खिचडी खाऊन 'आज पथ्य पाळलं' म्हणतो! तळणीतलं वनस्पती तूप हा आरोपी मात्र खरा होता, कारण त्यातले ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतात आणि एचडीएल पाडतात. जानेवारी २०२२पासून आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

आता एक रिपोर्ट हातात घेऊ. समजा, ४२ वर्षांच्या माणसाचं टोटल कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २१०. एलडीएल बहुतेक लॅबमध्ये मोजत नाहीत, १९७२ सालच्या फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात: टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. १९० वजा ३४ वजा ४२, उरले ११४. कागदावर टोटलसमोर '२००पेक्षा कमी' अशी रेंज छापलेली, म्हणजे नॉर्मल. एलडीएल १३०च्या आत, म्हणजे तेही ठीकच. एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड ठळक अक्षरांत, पण घरी पोचणारी बातमी एकच: 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे.'

याच कागदावर न छापलेला, किंवा छापूनही कोणी न पाहिलेला एक आकडा आहे. टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा. १५६. हे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल, म्हणजे धमनीत घुसू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं मिळून कोलेस्टेरॉल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सर्वसाधारण, कमी धोक्याच्या माणसासाठीसुद्धा एलडीएल १००च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३०च्या खाली असावं असं म्हटलं आहे. आपला हा 'नॉर्मल' माणूस दोन्हीकडे नापास. त्याला मधुमेह असेल, तर एलडीएल निदान ७०च्या खाली हवं. स्टेंट बसलेला असेल तर ५५च्या खाली, म्हणजे आहे त्याच्या निम्म्याहून कमी. छापील रेंजला समोरचा माणूस कोण आहे हे माहीत नसतं. या रिपोर्टबरोबर टेपही घ्यायला हवी. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही कमरेच्या घेराची आपल्याकडची मर्यादा आहे. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची. पँटचा नंबर सांगू नये. पोट सुटलेली मंडळी पँट पोटाखाली घालतात.

इथपर्यंत वाचून एलडीएल दुय्यम आहे असं वाटत असेल, तर थांबा. धमनी तुंबवण्याच्या बाबतीत आजवर जितका पुरावा एलडीएलविरुद्ध जमा झाला आहे, तितका दुसऱ्या कुठल्याही आकड्याविरुद्ध नाही. २६ अभ्यासांतल्या १ लाख ७० हजार लोकांची माहिती एकत्र केल्यावर २०१०मध्ये दिसलं की, एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमनी उतरवलं की हार्ट अटॅक, पक्षाघात, बायपास-अँजिओप्लास्टी यांचं एकत्रित प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी घटतं. पहिल्या वर्षात हा फायदा कमी दिसतो, पुढे वाढतो.

या 'पुढे वाढतो'मध्येच सगळी गोम आहे.

२०१७चा फूरियर अभ्यास घ्या. २७,५६४ हृदयरुग्ण, इव्होलोक्युमॅबचं इंजेक्शन, एलडीएल ९२वरून ३०वर. इतकं खाली त्याआधी फारसं कोणी गेलं नव्हतं. फळ काय मिळालं? हृदयविकाराच्या घटना ११.३ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आल्या. जाहिरातीच्या भाषेत १५ टक्के घट, साध्या वजाबाकीत दीड टक्का. साधारण ६७ जणांनी दोन-सव्वादोन वर्षं महागडी इंजेक्शनं घेतली, तेव्हा एकाची घटना टळली. अनेकांना ही निराशा वाटली.

आता त्याच्या अकरा वर्षं आधीचा, २००६चा एक अभ्यास त्याशेजारी ठेवा. अमेरिकेतल्या ३,३६३ कृष्णवर्णीय लोकांमध्ये ८५ जण असे सापडले की ज्यांच्यात पीसीएसके-९ नावाचं जनुक जन्मतःच अर्धं निकामी होतं. इव्होलोक्युमॅब ज्या प्रथिनाला अडवतं, तेच हे जनुक बनवतं. या ८५ जणांचं सरासरी एलडीएल १०० होतं, बाकीच्यांचं १३८. म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांचा फरक, इंजेक्शनच्या निम्म्याहून कमी. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात बाकीच्यांपैकी ९.७ टक्के लोकांना हृदयविकार झाला. या ८५ जणांपैकी एकालाच. धोक्यातली घट ८८ टक्के.

पंच्याऐंशी माणसं आणि एक घटना यांच्यावर फार मोठी इमारत बांधू नये, हे खरं. पण २०१२मध्ये ३ लाख १२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून वेगवेगळ्या जनुकांचा हिशेब मांडला, तेव्हाही हेच निघालं: जन्मापासून ३९ मिलिग्रॅम कमी एलडीएल म्हणजे हृदयविकाराचा धोका ५४.५ टक्क्यांनी कमी. उतारवयात गोळीने तेवढंच एलडीएल उतरवलं तर वर सांगितलेले २२ टक्के. धमनीचं नुकसान एलडीएल किती आणि किती वर्षं, या गुणाकारातून होतं. साठाव्या वर्षी एक बाजू कितीही खाली खेचली, तरी आधीची साठ वर्षं जमा झालेलीच असतात. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेला व्हेसालियस अभ्यास याच दिशेने बोलतो. अजून हार्ट अटॅक किंवा पक्षाघात न झालेल्या, पण धोका असलेल्या १२,२५७ जणांपैकी निम्म्यांना तेच इंजेक्शन साडेचार वर्षांहून जास्त काळ दिलं, तेव्हा घट २५ टक्के दिसली.

आपल्यासाठी हा गुणाकार अधिक कडक आहे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतरांचं ५९च्या आसपास. याचा अर्थ चाळिशीत 'बॉर्डरलाइन आहे, पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्याच्या हातात वाटतात तितकी वर्षं नाहीत.

मग एलडीएल उतरवणारी स्टॅटिनची गोळी का सुटते? कारण दुखतं. स्टॅटिन सुरू केल्यावर पोटऱ्या, मांड्या दुखतात अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खोटी नाही; तिचं कारण वेगळं आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला लंडनचा सॅमसन अभ्यास मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुरेख प्रयोग वाटतो. त्रासापायी स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना प्रत्येकी १२ बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४! त्रासाचा ९० टक्के भाग गोळी घेण्याच्या धास्तीतून आला होता. स्वतःचेच आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. २०२२मध्ये १९ अभ्यासांतल्या १,२३,९४० जणांची माहिती तपासली तेव्हा स्नायूंची तक्रार स्टॅटिन गटात २७.१ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात २६.६ टक्के निघाली.

शुगरचं तसं नाही. स्टॅटिनने ती किंचित वाढते, हे मान्यच करायला हवं. कमी-मध्यम मात्रेत नव्या मधुमेहाचं वार्षिक प्रमाण १.२वरून १.३ टक्के होतं, जास्त मात्रेत ३.५वरून ४.८. यातले बरेचसे लोक आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतात. अशा माणसाने गोळी सोडायची नसते, एचबीए१सी तपासत राहायचं असतं.

नव्या औषधांची रांग मोठी आहे. वर्षातून दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरान एलडीएल निम्म्यावर आणतं. पोटाच्या चरबीकडून वार करणारं सेमाग्लुटाइड १७,६०४ जाड, पण मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांच्या सिलेक्ट अभ्यासात दिलं. घटना ८ टक्क्यांवरून ६.५वर आल्या. पुन्हा दीड टक्काच, पण एलडीएलला फारसा हात न लावता. लायपोप्रोटीन (ए) हा कण तर जवळजवळ पूर्णपणे वारशाने ठरतो आणि कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या म्हणण्यानुसार चारातल्या एका भारतीयात तो वाढलेला असतो. लेपोडिसिरानच्या एका इंजेक्शनने तो सहा महिन्यांपर्यंत ९३.९ टक्क्यांनी कमी राहिल्याचं २०२५मध्ये दिसलं. त्याने हार्ट अटॅक टळतात का, हे त्या अभ्यासात पाहिलेलं नव्हतं. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए)ची तपासणी करून घ्यावी असं सोसायटी सांगते.

पण आपली अडचण नव्या औषधांची नाही. अटोरव्हास्टॅटिन आपल्याकडे जवळपास कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि दिवसाचा खर्च काही रुपये. तरी २०११च्या 'प्युअर' अभ्यासात, भारत ज्यात मोडत होता त्या अल्प उत्पन्न देशांच्या गटात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी ३.३ टक्केच लोक स्टॅटिन घेत होते. श्रीमंत देशांत ६६.५ टक्के. आणि इंडियाबच्या २०२२च्या अहवालात, आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असलेल्यांपैकी शुगर, बीपी आणि एलडीएल तिन्ही आटोक्यात असलेले निघाले ७.७ टक्के. माझ्या मते ८१.२पेक्षा हा आकडा जास्त लाजिरवाणा आहे. ८१.२मध्ये मोठा वाटा शरीराच्या ठेवणीचा आणि व्याख्येचा आहे. ७.७ची सबब कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा कपाटातला शेवटचा लिपिड रिपोर्ट काढा, टोटलमधून एचडीएल वजा करा आणि तो आकडा व कमरेचं माप घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. घरात कोणाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर मुलांसाठी चाळिशीची वाट पाहू नका. कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या सूचनांनुसार पहिली लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षीच करायची आहे, असा इतिहास असलेल्या घरात त्याही आधी. आणि त्या पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही.